पत्र मागे घेण्याविषयी

मिनिटराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. चौतीस वर्षं ते कारखान्याच्या दारात टाइमकीपर म्हणून बसले, कोण कधी आला नि कधी गेला ते लिहीत राहिले, आणि निवृत्त झाले ते हे नाव घेऊनच. भोंग्याआधी जागा सोडणारा माणूस त्यांच्या लेखी चोर. आता घरी बसून कुणाची नोंद ठेवायची? सुनेची ठेवून पाहिली, ती अंगाशी आली. तेव्हापासून ते रोज संध्याकाळी सरकारी वाचनालयात जाऊन बसत.

वाचनकक्ष आठला बंद होतो, असं दारावर ठळक रंगवलेलं होतं. पण महिनाभर तिथली तरुण ग्रंथपाल पावणेआठच्या आतच दिवे मालवू लागली होती. आधी मागच्या टेबलावरचा, मग खिडकीजवळचा, मग मिनिटरावांच्या डोक्यावरचा. मिनिटराव तिला एका शब्दाने बोलले नाहीत. सांगायचं ते कागदावर, हा त्यांचा बाणा. चौदा दिवस गुपचूप नोंद केली: सात बेचाळीस, सात चव्वेचाळीस, सात एकेचाळीस. मग तक्ता आखून संपादकांना पत्र लिहिलं, ‘वाचकांची अठरा मिनिटे कोण खाते?’ असा मथळाही स्वतःच देऊन टाकला आणि पत्र पेटीत टाकलं. फार बरं वाटलं त्यांना, खोटं कशाला सांगा.

दुसऱ्या दिवशी दिवे गेल्यावर ते दारात चपला शोधत होते. झाडलोट करणाऱ्या मावशी म्हणाल्या, “काका, पाय उचला, बस येईल.”

“येऊ दे. माझी अठरा मिनिटं गेली त्याचं काय?”

मावशी झाडू भिंतीला टेकवून हसायलाच लागल्या. “अहो, तुमच्यासाठीच तर मालवते ती दिवे! सव्वाआठची बस बंद झाली ना मागच्या महिन्यात? सात पन्नासची चुकली की एकदम नऊची. तुम्ही तासभर थांब्यावर गुडघा धरून उभे होतात, ते तिने वरून पाहिलं. अन् साडेसातनंतर तुमच्याशिवाय इथे असतं तरी कोण?”

“मग मला तसं सांगायचं!”

“सांगून तुम्ही उठला असतात?” मावशींनी विचारलं. “गुणाची पोर आहे हो. तीन वर्षं रोजंदारीवर काढली, आता या महिन्यात कायम होईल. वरच्यांकडून काही खुसपट निघालं नाही म्हणजे मिळवली.”

मिनिटरावांच्या तोंडचं पाणी पळालं. बस मिळाली, बसायला जागाही मिळाली, पण आपण काय करून बसलो या विचाराने त्यांचा स्टॉप मागे गेला तरी कळलं नाही.

सकाळी वर्तमानपत्राची कचेरी उघडायच्या आधीच ते पायरीवर हजर. पत्रं पाहणारे उपसंपादक सावकाश आले, पंखा लावला, चष्मा पुसला. टेबलावर दोन ट्रे होते: एक छापायच्या पत्रांचा, दुसरा न छापायच्या. मिनिटरावांचं पत्र पहिल्या ट्रेमध्ये सगळ्यांत वर होतं.

“उद्या लागतंय तुमचं,” उपसंपादक म्हणाले. “तक्ता तेवढा उडवलाय. जागा नाही.”

तशातही तक्ता गेल्याचं मिनिटरावांना वाईट वाटलं. “छापू नका,” ते म्हणाले. “पत्र मागे घेतो मी.”

“मग तसं लेखी द्या. तोंडी चालत नाही इथे.”

लेखी म्हटल्यावर मिनिटराव अर्धवट काही लिहिणार होय? त्यांनी खुर्ची ओढली आणि सगळं लिहिलं: आपली चूक, बंद झालेली बस, गुडघा, साडेसातनंतरचा रिकामा कक्ष, अशा कर्मचारी दुर्मिळ आहेत, सबब पत्र छापू नये, ही विनंती. लिहिताना त्यांचे डोळे भरून आले.

उपसंपादकांनी ते दोनदा वाचलं. “छान लिहिता हो तुम्ही,” असं म्हणत त्यांनी पहिलं पत्र टराटरा फाडलं आणि नवा कागद पहिल्या ट्रेमध्ये ठेवला. मिनिटराव टोपलीत पडणारे तुकडे पाहत होते. जीव भांड्यात पडला तसे ते घरी आले आणि दोन घास जास्तच जेवले.

दुसऱ्या दिवशी सून वर्तमानपत्र नाचवत आली. “बाबा, तुमचं पत्र छापून आलंय! वर चौकटीत! ‘वाचनालय लवकर बंद होते, ते माणुसकीपोटी’. किती गोड लिहिलंय!”

मिनिटरावांनी मथळ्यातलं ‘लवकर बंद होते’ एवढंच पुन्हा पुन्हा वाचलं. तक्रार छापू नये ही विनंती त्या भल्या माणसाने अक्षरशः पाळली होती.

चार दिवस त्यांची वाचनालयाची पायरी चढायची छाती झाली नाही. पाचव्या दिवशी गेले. ग्रंथपाल कार्डं लावत होती.

“पोरी, मी ते...”

“मावशींनी तुम्हाला बसचं सांगितलं, ते कळलं मला.” तिचा आवाज चढला नव्हता. “साहेबांनी बोलावून घेतलं होतं. वेळेआधी बंद केल्याचं छापूनच आलंय म्हटल्यावर मी नाही कसं म्हणणार? कायम व्हायचं सहा महिने पुढे गेलं.”

“मी साहेबांना लिहितो. संपादकांना पुन्हा लिहितो, खुलासा...”

“काका,” तिने हात जोडले, “माझ्याबद्दल काही लिहू नका. चांगलंसुद्धा लिहू नका.”

मिनिटराव आपल्या खुर्चीत जाऊन बसले. समोर मासिक उघडलं, पण अक्षर दिसेल तर शपथ. साडेसातला दोन कॉलेजच्या मुली उठून गेल्या. सात चाळीस झाले. एकही दिवा मालवला गेला नाही.

तेव्हा त्यांनी मासिक मिटलं आणि आयुष्यात पहिल्यांदा ते वेळेआधी उठले.

“अजून वीस मिनिटं आहेत, काका,” ती मान वर न करता म्हणाली.

“ठाऊक आहे,” मिनिटराव म्हणाले.

सात पन्नासची बस वेळेवर आली. वर वाचनकक्षातले सगळे दिवे चालू होते, आणि वाचणारं कुणीही नसताना ती पोर आठ वाजायची वाट पाहत बसली होती.