निळी पाने, पिवळी पाने

उरणच्या आमच्या शिक्षण संस्थेने आठवी ते दहावीसाठी स्वतःचे गणिताचे पूरक पुस्तक काढायचे ठरवले. बीजगणित, भूमिती, आलेख असे कप्पे नकोत. सगळे एकत्र आणि सगळ्या मुलांना. कल्पना चांगली होती, म्हणूनच ती समितीकडे गेली. समितीत मला का घेतले ते अजून कळलेले नाही. निवृत्त शिक्षकांत मी स्वस्तातला आणि न बोलणारा, एवढेच कारण असावे.

बैठक हरिहरेश्वरला ठेवली, कारण अध्यक्ष बाळाजीशेठना देवदर्शनही उरकायचे होते. शेठचे मालाचे ट्रेलर न्हावा शेव्याच्या बंदरात चालतात. ठराव मंजूर करण्याची त्यांची एक पद्धत आहे. "कोणाचा विरोध न्हाय ना?" असे विचारून ते पेढ्यांचा पुडा उघडतात. पुडा उघडेपर्यंत जो बोलला नाही, त्याची संमती. माझा घसा नेहमी पेढा हातात आल्यावर मोकळा होतो.

मी एक धडा लिहिला होता. पायथागोरसचा सिद्धांत आधी क्षेत्रफळांनी, मग समीकरणांनी, मग आलेखाच्या कागदावर. एकच गोष्ट, तीन वाटांनी. आयुष्यात एवढे एक काम मला बरे जमले असावे असे वाटते. म्हणजे रात्री वाटते, सकाळी वाटत नाही.

नवी मुंबईचा सल्लागार हितेश कोट घालून समुद्रकिनारी आला होता. त्याने प्रोजेक्टरने भिंतीवर पुस्तक दाखवले. निळी पाने सर्वांसाठी, पिवळी पाने 'ज्यांना झेपेल त्यांच्यासाठी'. कोणाला झेपेल ते आठवीच्या पहिल्याच महिन्यात एक चाचणी ठरवणार. माझ्या धड्यातली क्षेत्रफळे निळ्यात होती, बाकी सगळे पिवळ्यात.

"मास्तर, तुमचा धडा घेतलाय हां," शेठ म्हणाले. "कापलाय, पण घेतलाय. मासा कापल्याबिगर शिजतो काय?"

"कापा की, शेठ," मृणाली म्हणाली. ती आमच्या शाळेत आठवीला गणित शिकवते. "पण डोकं-शेपूट कोणाच्या ताटात आणि तुकडी कोणाच्या, ते आत्ताच वाढून ठेवलंय."

शेठ हसले. "पुस्तक एकच हाय ना, बाय? एकाच बायंडिंगमधी हाय. मग सर्वांसाठीच झालं. कोणाचा विरोध न्हाय ना?" त्यांचा हात पुड्याकडे गेला. पुड्याशेजारी कोणाचा तरी चष्मा पडला होता.

"माझा आहे," मी म्हणालो.

"काय, चष्मा?"

"विरोध."

मला म्हणायचे होते की 'असे का?' हा प्रश्न मिठागरात राबणाऱ्याच्या मुलीलाही विचारता आला पाहिजे, आणि तो शिकवायला गणितासारखे दुसरे काही नाही. तोंडातून निघाले ते असे: "निळ्या पानावर चौथ्या प्रश्नात आलेखावरच्या होडीचे निर्देशक दिलेत. निर्देशक म्हणजे काय, ते पिवळ्या पानावर आहे."

"हितेश, तू वाचलं न्हवतंस?"

"मी स्ट्रक्चर बघतो, शेठ. कंटेंट सरांचा."

"मग सोपं हाय. प्रश्न काढून टाक."

हितेशने तिथल्या तिथे काढला. होडी गेली. "बघा, मास्तरांचा विरोध केवढा कामाचा," म्हणत शेठनी माझ्या तळहातावर पेढा ठेवला. ठराव एकमताने मंजूर. आयुष्यभर गप्प राहून मी मुलांचे एवढे नुकसान केले नव्हते.

सगळे दर्शनाला गेले. मृणाली मागे थांबली.

"सर, धडा अख्खा आहे ना तुमच्याकडे?"

"फोनमध्ये आहे. पण तो तेवढा..."

"द्या मला. सोमवारी घेते. सगळ्या वर्गाला."

"शेठना कळलं तर?"

"वर्गात आले तर त्यांनाही बसवीन. त्यांचंही राहूनच गेलंय."

शेवटच्या आकृतीत बहुतेक एक चूक आहे, असे मी सांगितले.

"मग ती मुलांना सापडू दे. तुम्ही दुरुस्त करत बसलात, तर सोमवार उजाडायचा नाही."

मी फोन तिच्या हातात दिला. पाठवायचे कसे ते मला येत नाही. आणि येत असते, तरी आकृती दुरुस्त करत बसून मी पाठवले नसते.