शंभर सीसीची गाडी, एकशे पस्तीसचे झाकण

सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी सौंसरच्या मैदानात परिवहन निरीक्षकांनी मला रांगेतून बाहेर काढले. तारीख एकोणीस सप्टेंबर १९८९. परवान्याची चाचणी द्यायला आलेल्या शकुंतलाबाई माझे हँडल धरून तशाच उभ्या राहिल्या.

मित्रांनो, मी १९८४ सालची मोटारसायकल आहे. माझे इंजिन शंभर सीसीचे. सीसी म्हणजे सिलिंडरच्या आतल्या जागेचे माप. ही जागा जितकी मोठी, तितका जोर जास्त. तीन वर्षांनी कारखान्याने माझ्याच रूपाची नवी गाडी काढली आणि तिचे इंजिन वाढवून एकशे पस्तीस सीसीचे केले. बाहेरून फरक एकच होता, बाजूच्या झाकणावरचा आकडा.

माझे मालक उत्तम मास्तर रामाकोन्याच्या शाळेत शिकवतात. "मास्तर, तुमची म्हातारी झाली आता," असे लोक चिडवू लागले. मास्तरांनी नागपूरहून नव्या गाडीची झाकणे आणली आणि मला बसवली. चढावर मी धापा टाकत असे, तरी तिगावपर्यंत माझी वाहवा होई. खरे सांगते, मलाही ते आवडत होते.

शकुंतलाबाई मास्तरांच्या पत्नी, दवाखान्यात नर्स. मोहगावची नर्सची जागा रिकामी झाली होती. खेडोपाडी लस घेऊन फिरायचे, म्हणून गाडीचा परवाना असणाऱ्यालाच ती मिळणार होती. अर्ज शनिवारपर्यंत द्यायचे होते. निरीक्षकांचा पुढचा दौरा महिन्याने होता. बाई तीन महिने रोज पहाटे माझ्यावर शिकल्या.

निरीक्षकांनी गाडीचे नोंदणीपुस्तक उघडले. "बाई, किताबात शंभर, झाकणावर एकशे पस्तीस. इंजन बदललं अन् नोंद नाही केली? अशा गाडीवर परीक्षा होत नाही."

"बिनगिअरच्या गाडीवर देऊन टाका, बाई," मागून कोणी म्हणाले. नव्या कायद्यात तो परवाना वेगळा होता.

"तुमीच द्या जी बिनगिअरची," बाई म्हणाल्या. मग सोबत आलेल्या मास्तरांकडे वळल्या. "काऊन चूप बसले तुमी? सांगा ना साहेबाले!"

मास्तर चपलेकडे पाहत म्हणाले, "झाकण नवीन हाय साहेब. गाडी जुनीच हाय. लोकं हसून राहिले होते, म्हणून लावलं."

सारे मैदान हसले. निरीक्षक हसले नाहीत. "तोंडी नाही चालत. इंजन नंबर दाखवा."

इंजिनावर कोरलेल्या नंबरावर पाच वर्षांचे तेल आणि चिखल साचला होता. मास्तर वरची झाकणे रोज पुसत, खाली कधी वाकले नव्हते. बाईंनी रॉकेलचा बोळा घेतला, गुडघ्यावर बसल्या आणि घासू लागल्या. एकेक आकडा उजळला. निरीक्षकांनी नंबर पुस्तकाशी दोनदा ताडून पाहिला.

"बरोबर आहे. काढा गाडी."

मित्रांनो, त्या दिवशी मी शंभर सीसीचीच होते, आणि तेवढे पुरले. बाईंनी आठाचा आकडा दोनदा काढला, पाय टेकला नाही. चढावर थांबल्या, गिअर टाकला आणि मी एका दमात वर गेले. अकरा पस्तीसला निरीक्षकांनी कागदावर लिहिले, 'पास, गिअरची मोटारसायकल.' मघाचेच मैदान आता टाळ्या वाजवत होते. मास्तरांच्या टाळ्या सर्वांत मोठ्या होत्या.

गाडीला मोठा आकडा नको असतो. वेळेवर तेल द्या आणि तिचा खरा नंबर स्वच्छ ठेवा.

बाईंनी शुक्रवारी परवान्यासह अर्ज दिला. मोहगावसाठी एकूण तीन अर्ज आले. परवाना एकालाच जोडलेला आहे. आज सायंकाळपर्यंत नेमणुकीच्या आदेशावर सही झालेली नाही.