मागच्या अंगणातले पांढरे कंदील

सासऱ्याला बरोबर घेऊन परदेशात कंदील बघायला निघालेली सून गल्लीनं आजवर पाहिली नव्हती, त्यामुळे आठवडाभर कुणाला विषयाची कमतरता पडली नाही. म्हातारा शिंपी मात्र मशीनवरची मान वर न करता सगळ्यांना एकच उत्तर द्यायचा, "तिच्या कचेरीनं दोन तिकिटं दिलीत. शनिवारी जायचं, रविवारी परत. फुकट घालवली तर पाप लागेल."

सून एका प्रवासी कंपनीत तिकिटं काढायची. साऱ्या जगाला विमानात बसवून दिलं, स्वतः कधी कुठं गेली नव्हती. तिचा नवरा, म्हणजे शिंप्याचा एकुलता एक बापू, मालवाहू जहाजावर विजेची कामं करायचा. एका सकाळी तो कामावर आला नाही. जहाज पालथं घातलं, समुद्र धुंडाळला, काही हाती लागलं नाही. कंपनीनं 'बेपत्ता' असं कळवलं आणि तो शब्द शिंप्यानं घट्ट धरून ठेवला. पत्ता लागत नाही, एवढंच ना? माणूस नाही असं कुठं म्हटलंय? या गोष्टीला आता कैक वर्षं झाली होती. तरी दरवर्षी तो बापूचे शर्ट कपाटातून काढायचा, बाजूच्या शिवणी उसवायचा आणि थोडे सैल करून ठेवायचा. चाळिशीकडे माणूस अंगानं सुटतो; आल्यावर ते अंगाला व्हायला हवेत. सून त्या शर्टांना इस्त्री करायची.

प्रवासाच्या थोडं आधी तिच्या कचेरीतले हिशेबनीस घरी येऊन गेले होते. बायको वारलेली, बोलणं मऊ. एक खांदा जरा उतरता होता, तेवढं सोडलं तर शिंप्याला माणसात खोट दिसली नाही. तो आत चहा टाकत होता आणि पडद्याआडून बोलणं कानावर आलं.

"मी थांबेन हो," हिशेबनीस म्हणत होते, "पण कशासाठी थांबायचं ते तरी कळू द्या."

"बाबांकडे हा विषय काढू नका," सून हलक्या आवाजात म्हणाली. "त्यांच्या लेखी हे आहेत. त्यांच्या तोंडावर मी 'नाहीत' कसं म्हणू?"

चहा उतू गेला. शिंपी भांड्याकडे नुसता बघत राहिला. आजवर तो समजत होता की आपण हिच्यासाठी आशा धरून बसलोय. आणि ही आपल्यासाठी बसली होती! त्यानंतर कितीदा तरी त्यानं जेवताना विषय काढायचा ठरवलं. घसा खाकरायचा आणि म्हणायचा, "मीठ जरा जास्त झालंय." मीठ बरोबर असायचं.

असा तो विमानात बसला आणि त्या परक्या शहरात उतरला. हॉटेलात दोघांच्या खोल्या शेजारी शेजारी होत्या. त्यानं पडद्याची शिवण तपासली, नाक मुरडलं आणि संध्याकाळी सुनेबरोबर बुद्धविहाराकडे चालू लागला. रस्ताभर डोक्यावर सणाचे कागदी कंदील लटकत होते, लाल, पिवळे, हिरवे, आणि खालून माणसं हळू आवाजात बोलत चालली होती.

विहाराच्या दारात एक लांब टेबल मांडलं होतं. पलीकडे राखाडी झगा घातलेली वयस्क बाई बसली होती. ती इंग्रजीत काही सांगू लागली. सुनेनं मान डोलावली आणि लगबगीनं लाल कंदील उचलला. बाई मात्र मागच्या पांढऱ्या कंदिलांकडे हात करून पुन्हा काहीतरी विचारत होती.

"काय म्हणतायत?" शिंप्यानं विचारलं.

"नाव लिहून टांगायचा, बाबा. यांच्या नावानं लाल लावू."

"आणि ते पांढरे?"

"ते वेगळे आहेत."

"वेगळे म्हणजे? मी शिंपी आहे गं, आंधळा नाही."

ती कंदिलाच्या दोऱ्याशी खेळत राहिली. "रंगीत असतात ते हयात असलेल्यांसाठी," ती म्हणाली. "पांढरे गेलेल्यांसाठी. मागच्या अंगणात लावतात. मला माहीत नव्हतं हो बाबा, शपथ. माहीत असतं तर आणलंच नसतं तुम्हाला."

तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. इतके दिवस घशाशी अडकलेलं आता नेमकं इथं, चारचौघांत, जिभेवर आलं होतं. गिळलं तर ती जन्मभर इस्त्री करत बसेल.

"पोरी, त्यांना सांग. पांढरा."

"बाबा!"

"सांग."

"मला नाही सांगता येणार. तुम्हीच सांगा."

"मला यांची भाषा येते होय? विमानात पाणी मागायलासुद्धा तू लागलीस." तो हसायला गेला, पण ओठ वळले नाहीत. "हे बघ, मी बाप. आधी मी म्हणायला हवं होतं, ते आत्ता म्हटलं. आता तू म्हण."

मागे रांग खोळंबली होती. बाईनं पुन्हा विचारलं. बोट दाखवलं असतं तरी भागलं असतं, हे शिंप्याला कळत होतं. म्हणूनच त्यानं दोन्ही हात पाठीमागे बांधले. बोट दाखवलं तर काम होईल, पण हिचं तोंड मिटलेलंच राहील.

सून बोलली. दोन-चारच शब्द, शेवटच्या शब्दावर आवाज फाटला. शिंप्याला ती भाषा येत नव्हती, तरी तो शब्द कुठला ते कळायला भाषा लागली नाही. बाईनं लाल कंदील बाजूला ठेवला, पांढरा दोन्ही हातांनी उचलला आणि सुनेच्या ओंजळीत दिला.

चिठ्ठीवर नाव शिंप्यानं लिहिलं. बापू नव्हे, लग्नपत्रिकेत छापलेलं पूर्ण नाव. अक्षरं वाकडी आली. ती पुन्हा लिहावीत की काय, म्हणून तो घुटमळला आणि तशीच राहू दिली.

मागच्या अंगणात गर्दी नव्हती. दोरीवर पांढरे कंदील ओळीनं होते, आतल्या ज्योती जेमतेम दिसत होत्या. कंदील अडकवून हात मोकळे झाले तशी सून रडू लागली. इतक्या वर्षांत तिला रडताना त्यानं ऐकलं नव्हतं. आता तिला आवाज आवरेना. त्यानं तिला गप्प केलं नाही. पोराला आपणच आज पुरलं की काय, ही शंका त्याला आतून कुरतडत होती.

मग तिनं पदरानं तोंड पुसलं. "बाबा, आणि हे आलेच तर?"

"आला तर माझ्याशी भांडेल," शिंपी म्हणाला. "बापाशी भांडायची त्याला सवय आहे. तू मधे पडायचं नाहीस."