आधी कवा, मग काय

मित्रांनो, मी एक जुना निरोप्या आहे. मला पाय नाहीत की तोंड नाही. वीतभर स्क्रीन आणि चार बटणं एवढाच माझा संसार. माझी उभी हयात प्रवासी विमानात, वैमानिकांच्या गुडघ्याशी गेली.

माझ्याआधी सगळा कारभार रेडिओकडे होता. समुद्रावर गेलं की त्याचा घसा बसायचा. नुसती खरखर! मग मला बसवलं. जमिनीवरचा नियंत्रक निरोप लिहायचा, मी 'टिंग' करून तो दाखवायचो, वैमानिक वाचायचे. सगळे माझं कौतुक करत. मीही जरा शेफारलो होतो, खोटं कशाला बोलू?

माझी लाडकी वैमानिक म्हणजे माजलगावची यशोधरा. तिचे वडील भारतराव सहकारी पाणीवापर संस्थेत पाटाचं दार सांभाळायचे. एका दुष्काळी वर्षी पाटाला मोजकंच पाणी सुटलं होतं. 'केशरबाईची पाण्याची पाळी झाल्यावर दार उघडा,' असा निरोप शेतावरून शेतावर ओरडत आला. भारतरावांनी 'दार उघडा' एवढंच धरलं आणि उघडलं. पाणी पुढच्या शिवारात पळालं, केशरबाईंचा मका उभ्याउभ्या वाळला.

"कावून रं भारता, निरोपाचं डोकं सोडून शेपूट धरलंस? माजी म्हस आता काय खाईल?" केशरबाई कडाडल्या.

तेव्हापासून पाटावर रीतच पडली. निरोप आला की घेणारा मोठ्यानं विचारणार, 'आधी कवा?' ते कळलं की 'मग काय?' दोन्ही परत ओरडून सांगितल्याशिवाय दाराला हात लावायचा नाही. यशोधरा हे ऐकतच मोठी झाली.

एका सकाळी आम्ही समुद्रावर होतो. शेजारी कॅप्टन बद्रीनाथ, तिचे वरिष्ठ, मुरलेले वैमानिक. त्यांनी विमान आणखी वर न्यायची परवानगी मागितली होती. मी टिंग केलं. निरोप होता, 'दहा वाजून वीस मिनिटांनी सदतीस हजार फुटांवर चढा.' घड्याळात अजून दहाच वाजले होते. पण कॅप्टनसाहेब केव्हापासून वाट बघत होते, त्यांची नजर थेट 'चढा'वर गेली. त्यांनी उंचीचा आकडा फिरवला. आता एक कळ दाबली की स्वयंचलित यंत्र विमान वर नेणार. ते यंत्र गुणी आहे, पण पक्कं सांगकाम्या. उलट प्रश्न विचारणं त्याला ठाऊकच नाही. मी दाखवायचं ते दाखवलं होतं, ओरडणार कसा?

"थांबा सर! आधी कवा?"

कॅप्टनांचा हात जागीच थांबला. "काय म्हणालीस?"

"वेळ, सर. निरोप पहिल्यापासून मोठ्यानं वाचू या."

दोघांनी वाचला. कॅप्टनांनी कपाळावर हात मारला. थोड्याच वेळात समोरून, आमच्यापेक्षा जरा वरून, दुसरं विमान पांढरी रेघ ओढत आडवं गेलं. ती कळ दाबली असती, तर आम्ही त्याच उंचीतून चढत असतो!

"वाचवलंस गं," ते हळूच म्हणाले. "कुठं शिकलीस हे?"

"पाटावर, सर." आणि ती अशी खळखळून हसली की माझी सगळी अक्षरं उजळली. पुढे प्रत्येक निरोपाला कॅप्टनसाहेबच विचारू लागले, 'आधी कवा?' अगदी माजलगावच्या हेलात!

नवी यंत्रं आली तसं मला काढलं. गोदामात धूळ खात पडलो तेव्हा फार वाईट वाटलं. पण यशोधरानं मला रीतसर मागून घेतलं आणि माहेरी नेलं. आता मी संस्थेच्या कचेरीत फडताळावर बसतो. अध्यक्ष केशरबाई स्वतः पदरानं माझी धूळ पुसतात. असं म्हातारपण कुणाला मिळतं?

मित्रांनो, यंत्रांची धूळ पुसा, त्यांना जपा. पण विचारायचं काम आमच्यावर सोडू नका, ते तुमचंच आहे. इथल्या दारालाही आता मोटर बसली आहे, निरोप मोबाइलवर येतो, बोट लावलं की दार उघडतं. परवा भारतरावांनी बोट उचललं, तोच केशरबाई गरजल्या, "आधी कवा?"

"तुमची पाळी झाल्यावर, आक्का!"

"मंग बस निवांत. माजी म्हस पाणी पितीय आजून."