रिकाम्या बेडकांचं तळं

बुआलोयच्या घरामागच्या तळ्यावर सकाळीच अख्खा गाव लोटला होता. पाण्यावर बेडूक तरंगत होते, म्हणजे बेडकांची नुसती कातडी. आत ना मांस, ना आतडी. वर जखमही दिसेना.

मांत्रिक थोंगदाम डोळे मिटून डोलत होता. "आतून खाल्लंय! पॉपचं काम! आज बेडकाची आतडी, उद्या तुमच्या पोरांची!"

पॉप म्हणजे माणसाच्या अंगात राहून दुसऱ्यांची आतडी खाणारं भूत. आमच्या ईसान भागात ते नेमकं एकट्या, फटकळ म्हातारीच्याच अंगात शिरतं. धट्टाकट्टा सरपंच त्याला कधी आवडलेला नाही. बुआलोय विधवा, तळंही तिचं. उद्या उजाडायच्या आत तिने गाव सोडायचा, असं ठरूनही गेलं होतं.

थोंगदामने बांबूची नळी पाण्यावरून फिरवली आणि तिचं तोंड लाल फडक्याने बांधलं. आतून खरखर ऐकू आली. बायका किंचाळल्या.

"सापडलं! पण हे पिल्लू. आई अजून हिच्या अंगात आहे."

"माझ्या अंगात संधिवात आहे रे मेल्या, तो पकड की!" बुआलोय ओरडली. कुणी हसलं नाही.

मी गावचा शाळामास्तर. मला राहवेना. नळी हिसकावून दगडावर आपटली. आतून निघाला मेंगदा, बोटाएवढा पाणकिडा, पायाला दोरा बांधलेला. हाच किडा आम्ही दिव्यावर झेपावला की पकडतो, भाजून मिरचीबरोबर कुटतो आणि चिकट भाताशी चवीने खातो. तो स्वतः काय खातो, हे मात्र कुणी कधी पाहिलं नव्हतं.

मी बरणीत पाणी भरलं, त्यात एक बेडूक आणि तो मेंगदा सोडला. मेंगद्याने बेडकाला पुढच्या पायांनी आवळलं आणि सोंड खुपसली.

"त्याच्या लाळेने आतलं मांस विरघळतं, ते तो शोषून घेतो. कातडी तेवढी उरते," मी म्हणालो. "यंदा तळं आटलंय. बेडूक आणि किडे एकाच डबक्यात कोंडलेत, म्हणून एवढी कातडी."

गाव बरणीभोवतीच बघत थांबला. दुपारपर्यंत बरणीत रिकामं कातडं तरंगू लागलं. जिंकलो, असं मला वाटलं.

"बघा, भूत किड्यात शिरलं!" थोंगदाम म्हणाला.

"मग बाईला सोडा!" मी म्हणालो.

"किड्यात धाडलं कुणी? हिनेच ना!"

माना डोलल्या. सरपंच हळूच म्हणाला, "मास्तर, तुमचं खरंही असेल. पण घरात पोरंबाळं आहेत. जोखीम कशाला?"

संध्याकाळी बुआलोय गाठोडं बांधत होती.

"मास्तर, झोपेत माणूस कुठे जातो, ते त्याला कळतं का हो?"

"मावशी, बरणीत तुम्ही स्वतः पाहिलंत ना?"

"पाहिलं. पण एवढी सगळी माणसं खोटं कशाला बोलतील?"

वाचकहो, कुणाला गावाबाहेर काढण्याआधी एक बरणी घ्या, एक दुपार बसा, आणि दिसेल त्यावर विश्वास ठेवा. आमच्या गावाने सगळं पाहिलं होतं, बुआलोयनेही. तरी पहाटे ती निघून गेली, स्वतःलाच भूत समजून.