साहेबांच्या मावशीची माती

नगर परिषदेच्या जागेवर मातीचे दोन ढीग होते आणि दोन्हींवर एकाच दुकानातली निळी ताडपत्री होती. एक ढीग विषारी, दुसरा चांगला. पाटी लावायचं ठरलं होतं. पण पाटीवरचा मजकूर मुख्याधिकाऱ्यांकडून मंजूर होऊन यायचा होता, आणि विषाला मंजुरीची घाई नसते.

बाजारामागे परिषदेचं जुनं गोदाम होतं. कपाशीवर फवारायच्या औषधाचे डबे तिथं वर्षानुवर्षं गळत राहिले. औषध जमिनीत मुरलं, खाली पाण्याला लागलं. निवृत्त मास्तर वामनराव तक्रारी करून थकले, पण थांबले नाहीत. तेव्हा कुठं नागपूरहून तपासणी झाली, ते पाणी कोणी पिऊ नये म्हणून बोअरिंगच्या दांड्याला साखळी लागली आणि सफाईचं काम अभियंता प्रफुल्लकडे आलं. वरची माती खरवडून झाकून ठेवायची, घातक कचऱ्याच्या गाडीनं दूर पाठवायची आणि खड्डा दुसऱ्या ढिगातल्या, तलावाच्या गाळानं भरायचा.

प्रफुल्लनं काम चोख केलं. फक्त एक ट्रॉली गाळ मावशीकडे पाठवायला सांगितला. यात त्याला चोरी वाटली नाही. गावात परिषदेची ट्रॉली निघावी आणि ती साहेबाच्या नातेवाइकाच्या अंगणात थांबू नये, असं झालं तर लोक साहेबाच्या नोकरीविषयीच शंका घेतात. शिवाय कौसल्यामावशीनं त्याला लहानाचा मोठा केलेला. बागेसाठी ही माती सोडली, तर तिनं आजवर काही मागितलं नव्हतं.

मावशीनं घाटंजीच्या बाजारातून वांग्याची रोपं आणली. पाऊस सरता सरता झाडं अशी लगडली की गल्लीतलं क्वचितच एखादं घर सुटलं. "आमच्या प्रफुल्लची माती हाये," असं म्हणत ती वाटत सुटली.

घातक कचऱ्याची गाडी अखेर आली. ताडपत्री निघाली, तेव्हा ट्रॅक्टरवाला पूनमसिंग कौतुकानं म्हणाला, "साहेब, मावशीची बाग पाह्यली. ह्याच ढिगातली माती."

"ह्या नाही, त्या. मी गाळ सांगतला होता."

"गाळात शिंपले होते साहेब. वास येऊन राह्यला होता. साहेबाच्या मावशीले असा माल कसा देऊ? ही पाहा, कशी काळीभोर. मीच निवडली."

त्याच्या चेहऱ्यावर उपकाराचं समाधान होतं. ढीग विषारी आहे हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं; ते सांगणं प्रफुल्लचं काम होतं. रागावायला त्यानं तोंड उघडलं. पण रागावायचं तर 'कोणाच्या परवानगीनं?' असं विचारावं लागलं असतं, आणि परवानगी त्याचीच होती.

मावशीकडे भरीत झालं होतं.

"ये बापा, हात धू."

"मावशी, परिषदेले ती माती परत पाह्यजे."

"काहून? देल्ली माती मागते काय कोणी परत?"

"हिशोबात कमी पडून राह्यली."

"मंग मुख्याधिकाऱ्याले डबा नेऊन देतो मी. माह्यं भरीत खाल्लं का हिशोब विसरते माणूस."

तिनं दोन ताटं वाढली. एका घासानं काय होतं, असं प्रफुल्लनं स्वतःला समजावलं. तसा हिशोब गोदामातही सगळ्यांनी केलाच होता. पण मावशीनं घास उचलला, तसा त्यानं तिचा हात धरला.

"नको खाऊ. त्या मातीत विष हाये."

मग सगळं सांगितलं. मावशी ओरडली नाही. भाकरीचा तुकडा ताटात ठेवून म्हणाली, "तानाबाईची सून पोटुशी हाये. तिले मी निवडून निवडून कवळी देल्ली."

आणि थैली घेऊन तिनं चपला घातल्या.

दारोदार ती एकच सांगत गेली, "बाई, वांगी दे परत. माह्या हव्यासानं मी नासकी माती आणली." मागं थैली धरून प्रफुल्ल. मावशी आपणहून बोलतेय, आपण कुठं तिला सांगितलं, हा विचार त्याला दोन-तीन दारं पुरला.

तानाबाई हसली. "वांगी परत? जावई येऊन राह्यला काय जेवाले?" कारण कळल्यावर तिचं हसू गेलं. आत सून भांडी घासत होती, ती थांबली.

"तुले अक्कल नव्हती काय व कौसल्या?"

मावशीनं मान खाली घातली. आयुष्यात ती मान कोणापुढं खाली गेलेली प्रफुल्लनं पाहिली नव्हती.

"माती मी पाठवली," तो म्हणाला. "मावशीले काही माहीत नव्हतं. उद्या सकाळी वहिनीले यवतमाळले डॉक्टरकडे नेतो. काय खाल्लं ते मीच सांगतो."

तानाबाईनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तूच नं तो सफाईचा साहेब?"

"हो."

तानाबाई आत गेली आणि उरलेली वांगी आणून तिनं त्याच्या थैलीत टाकली.

गल्लीच्या टोकाला वामनरावांचं दार होतं. मावशीनं प्रफुल्लच्या हातातली थैली स्वतःकडे घेतली.

"त्यायनंही वांगी नेली?"

"नाही. त्यायले वांगं चालत नाही."

"मंग तिथं कायले?"

"त्यायले तक्रार लिहाले सांग," मावशी म्हणाली. "ह्या खेपेले तुह्याविरुद्ध. हात बसला हाये त्यायचा."

प्रफुल्लनं कडी वाजवली.