पोरांसाठी खास कडी

लातुरात कुणी म्हातारं होत नाही. होतो तो शेजारचा! हे अंबरीशला कळलं, पण चांगलं तोंडघशी पडल्यावर.

अंबरीशचं हार्डवेअरचं दुकान ट्यूशनच्या गल्लीच्या तोंडाशी. त्याच गल्लीत त्याची आई सौदामिनीबाई खालच्या खोलीत एकटी राहायची, वर डॉक्टरकीच्या 'नीट' परीक्षेची तयारी करणाऱ्या भाडेकरू पोरी. संधिवातानं आईची बोटं वाकडी झालेली, अन् दाराला तीच जुनी लोखंडी कडी. भूकंपाच्या वर्षी त्याच कडीनं घात केला होता. लहानग्या अंबरीशला काखेत घेऊन आई ओढत होती, भिंती हलत होत्या, अन् कडी काही निघंना. शेजाऱ्यांनी दार फोडलं म्हणून दोघं वाचली. पुन्हा जमीन हलली तर आईला बाहेर कोण काढणार, ही भीती अंबरीशच्या मनातून कधी गेलीच नाही.

म्हणून त्यानं तळव्यानं नुसती दाबली की उघडणारी कडी बनवून घेतली. डब्यावर पांढऱ्या केसांचं हसरं जोडपं छापलं, अन् खाली 'ज्येष्ठांसाठी'. आईनं डबा पाहिला अन् जी भडकली!

"मला म्हातारी ठरवतो व्हय रे? ने ती तुझ्या सासूला!"

दुकानातही तीच गत. गल्लीतले म्हातारे माधवराव म्हणाले, "लई भारी हाय. नागप्पाला दे, थकलाय बिचारा." संध्याकाळी त्यांच्या शेजारचे, त्यांच्याच वयाचे नागप्पा येऊन म्हणाले, "माधवरावांच्या हातात आता जोर न्हाई, त्यांना दाखव."

अंबरीशनं कपाळाला हात लावला. मग गडी लबाडीवर आला. डब्यावरच्या त्या जोडप्यावर त्यानं चष्मेवाल्या पोरीचं चित्र चिकटवलं, अन् वर लिहिलं, 'नीट-जेईईच्या पोरांसाठी खास!' झालं! पोरांच्या अभ्यासाचं नाव काढल्यावर लातुरात कोण मागं राहतंय? माधवराव नातवासाठी घेऊन गेले, नागप्पा नातीसाठी. आईही आली.

"वरच्या पोरींसाठी पाहिजे. पण आधी माझ्या दाराला लाव, टिकती का बघू."

अंबरीशनं कसंबसं हसू दाबलं अन् कडी लावून दिली.

पुढं एका भरदुपारी, सगळी गल्ली दारं लावून आडवी झालेली असताना, जमिनीतून गुरगुर आली. घराघरांत मांडणीवरची भांडी खणखणली. अंबरीश दुकान उघडं टाकून, जीव मुठीत धरून पळत सुटला. गल्लीत येतो तर काय! आई पदर खोचून रस्त्यात उभी. तिच्या बाजूला माधवराव, पलीकडं नागप्पा नुसत्या बनियनवर. म्हातारी सगळी बाहेर, अन् अभ्यासाला बसलेली तरणी पोरं अजून आत जुन्या कड्यांशी झटापट करत बसलेली.

"नातवाची कडी झ्याक चालती की तुमच्या," नागप्पा म्हणाले.

"तुमच्या नातीचीबी," माधवराव म्हणाले, अन् दोघंही आभाळाकडं बघायला लागले.

जमीन थांबली. पोरी धापा टाकत खाली आल्या. आईनं अंबरीशचा हात धरला.

"लई भ्याले रे," ती म्हणाली. "पण दाबली अन् उघडली बघ."

अंबरीशला भरून आलं. "आई, मग आता डब्यावर खरं लिहू का?"

"खबरदार!" आई म्हणाली. "आधी ह्या पोरींच्या दाराला लाव. अन् डब्यावरची पोरगी हाय तशी राहू दे. उद्या आमच्या भजनातल्या सगळ्या येणार हायेत, आपापल्या नातींसाठी."